पाकल्यांचा जुना दोस्त आणि आपला

गोव्यात चिखलीला आमच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर बसलं, की दाबोळीच्या धावपट्टीवरून उठणारं विमान दिसायच्या आधी ऐकू येतं. वडील मुरगाव बंदरात कामाला होते. निवृत्तीनंतर संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून बसायचे आणि डोळे मिटून सांगायचे, हे नौदलाचं, ते प्रवाशांचं. माझ्या लहानपणी नौदलाचं विमान म्हणजे सी हॉक. १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर आले. दोन्ही इंग्लंडची. मग रशियाचं मिग-२९के आलं आणि आमच्याकडे फोनवर बोलताना मध्येच ‘थांब, मिग जातंय’ म्हणायची सवय लागली. पाणबुड्यांचा माग काढणारं रशियन आयएल-३८ इथून १९७७ पासून उडत होतं, ते २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झालं. ते काम दाबोळीच्याच हंसा या नौदल तळावरून आता अमेरिकेचं पी-८आय करतं. २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सचं राफेल-मरीन इथल्या चाचणीतळावर उडवून पाहिलं, मे-जूनमध्ये अमेरिकेचं सुपर हॉर्नेट. शेवटी पसंती राफेलला मिळाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये २६ विमानांच्या करारावर सह्या झाल्या.

परराष्ट्र धोरणावरची भाषणं दिल्लीत होतात. आम्हाला ते धोरण कौलांवरून ऐकू येतं.

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून आपल्याकडे एक वाद पुन्हा पुन्हा निघतो. रशिया आपला जुना दोस्त, त्याला सोडायचं का? अमेरिका नवा दोस्त, त्याच्यावर भिस्त ठेवायची का? हा वाद निष्ठेच्या भाषेत घातला जातो आणि तिथेच तो बिघडतो असं मला वाटतं. जुनी मैत्री टिकते ती निष्ठेवर टिकत नाही. तिच्याकडून आता कोणती गोष्ट मागायची नाही, हे दोन्ही बाजूंना वेळेत उमगलं तरच ती टिकते. ज्याला ते उमगत नाही तो ऐन गरजेच्या दिवशी नेमकी तीच गोष्ट मागतो, नकार ऐकतो आणि विश्वासघात झाला म्हणून ओरडतो. याचा धडा घ्यायला गोमंतकीयांना लांब जायला नको. आपली मुक्तीच अशा एका नकारातून सोपी झाली.

पोर्तुगाल आणि इंग्लंड यांचा तह १३७३ चा. १३८६ मध्ये विंडसरला तो पक्का झाला. जगातली सगळ्यात जुनी, अजून चालू असलेली मैत्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली तेव्हा मुंबई आंदणात गेली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. शाळेत सांगत नाहीत ते असं, की त्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या वसाहतींचं रक्षण करण्याचं गुप्त कलम होतं. पुढे तीनशे वर्षं पोर्तुगीज त्या कलमावर बोट ठेवत राहिले.

त्या रक्षणाचा गोव्याला आलेला अनुभव पाहायचा असेल तर दोनापावलला राजभवनाच्या वाटेवर जावं. तिथे एक छोटी ब्रिटिश दफनभूमी आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यात इंग्रजांच्या कबरी आल्या कुठून? नेपोलियनच्या लढायांच्या काळात, फ्रेंच गोवा घेतील या सबबीखाली इंग्रजांनी १७९९ पासून आपलं सैन्य इथे आणून बसवलं. दोस्ताच्या संरक्षणासाठी आलेला हा पाहुणा १८१३ पर्यंत हलला नाही. लिस्बनने हात जोडून पाहिले, कागद पाठवून पाहिले. पाहुणा आपल्या सोयीने गेला.

मग मिठाची गोष्ट. १८७८ च्या तहात पोर्तुगालला मुरगावची रेल्वे मिळाली आणि त्या बदल्यात गोव्यातली मिठागरं ब्रिटिशांच्या देखरेखीखाली गेली. वर्षाला ४ लाख रुपये भरपाई ठरली. ब्रिटिश हिंदुस्थानातला मिठावरचा कर बुडू नये म्हणून आमच्या आगरांतल्या गड्याने किती मीठ काढायचं, हे परक्याचा शिपाई ठरवू लागला. १८९२ मध्ये तह संपला. रेल्वे राहिली, आणि बंदरही. मी जे पेन्शन खाऊन मोठा झालो त्याचं मूळ त्या तहात आहे, त्यामुळे फार तक्रारही करता येत नाही.

१८९० मध्ये तर दोस्ताने दोस्ताला निर्वाणीचा खलिताच दिला. आफ्रिकेत अंगोला ते मोझांबिक सलग पट्टा आपला असावा असं पोर्तुगालचं स्वप्न होतं. ब्रिटनने सैन्य मागे घ्या म्हणून दरडावलं आणि लिस्बनने घेतलं. १८९८ मध्ये ब्रिटनने जर्मनीशी गुप्त करार करून, पोर्तुगाल कर्जात बुडाला तर त्याच्या वसाहती कशा वाटून घ्यायच्या तेही ठरवलं. आणि पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, त्याच वसाहतींच्या रक्षणाचं जुनं वचन पोर्तुगालला गुप्तपणे पुन्हा दिलं! दोन्ही कागद एकाच सरकारचे. यात कुणाला दुटप्पीपणा दिसेल, मला त्या मैत्रीचा खरा स्वभाव दिसतो. मोठा भागीदार वचन मोडत नाही, तो फक्त त्याचा अर्थ स्वतःकडे ठेवतो.

सगळ्यात बोलकं वर्ष १९४३. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून मुरगाव बंदरही तटस्थ. १९३९ पासून जर्मन मालवाहू जहाजं तिथे आसऱ्याला नांगर टाकून होती. त्यातल्या एहरेनफेल्स नावाच्या जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात असा ब्रिटिशांचा संशय. ९ मार्चच्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे लोक एका गाळ काढणाऱ्या तराफ्यासारख्या बोटीतून बंदरात शिरले. हौशी राखीव दलातले, कचेऱ्यांत काम करणारे मध्यमवयीन साहेब होते ते. एहरेनफेल्स पेटलं, बाकीची जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. उजेडाने बंदरावरचं सगळं सडा पठार दिसत होतं असं वडील त्यांच्या वडिलांच्या तोंडचं सांगत. ब्रिटनने ही मोहीम १९७८ पर्यंत लपवून ठेवली. आता १९४३ चाच ऑक्टोबर पाहा. चर्चिल ब्रिटिश संसदेत उभे राहिले आणि १३७३ च्या तहाचा दाखला देऊन त्यांनी जाहीर केलं, की पोर्तुगालने अटलांटिकमधली अझोर्स बेटं ब्रिटनला तळासाठी खुली केली आहेत. मार्चमध्ये दोस्ताच्या बंदरात चोरपावलांनी, ऑक्टोबरमध्ये पावणेसहाशे वर्षांचा कागद हातात धरून. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी त्यातला ऑक्टोबर लक्षात ठेवला. मार्च विसरले, किंवा विसरल्याचं दाखवलं.

सालाझार लेखी शब्दावर श्रद्धा असलेला माणूस. कोइंब्राचा प्राध्यापक, काटेकोर, आकडे आणि कलमं तोंडपाठ. १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य झाला. नाटोच्या तहाचं ६ वं कलम संरक्षणाची हद्द आखतं: युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची अटलांटिकमधली बेटं. त्यात अझोर्स बसतं, गोवा बसत नाही. म्हणजे ज्या तळाची इतरांना गरज होती तेवढा पोर्तुगाल सुरक्षित. जो भूभाग फक्त पोर्तुगालच्या अभिमानाचा होता तो बाहेर. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लिस्बनला ते वाचता आलं नाही असं कसं म्हणावं? वाचता आलं, मानवलं नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्याबरोबर संयुक्त निवेदन काढलं आणि गोव्याला वसाहत न म्हणता पोर्तुगालचा प्रांत म्हणायला हातभार लावला. त्याच दिवसांत सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोव्यावर भारताची बाजू उचलून धरत होते. लिस्बनला वाटलं, अमेरिका आपली. नेहरू संतापले. पण निवेदन हे निवेदनच असतं. त्याला बोट लागत नाही, तोफ लागत नाही, खर्च शून्य.

१९६१ च्या डिसेंबरात खर्चाची वेळ आली. वडील तेव्हा बंदरावर उमेदवारी करत होते. पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या बायका-मुलांना बोटीवर चढवलं तेव्हा, ते सांगायचे, एका शिपायाच्या बायकोने शिवणयंत्र बरोबर नेण्याचा हट्ट धरला आणि गँगवेवर सगळी रांग थांबली. ‘जी बाई शिवणयंत्र नेते ती परत येणार नाही, हे आम्हाला त्या दिवशीच समजलं,’ असं म्हणत ते हसायचे. लिस्बनला ते समजलं नव्हतं. तिथून १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना तार आली: विजयी व्हा किंवा मरा. दुसरीकडे लंडनला जुन्या तहाची आठवण करून देण्यात आली होती. लंडनचं उत्तर, राष्ट्रकुलातल्या एका देशाविरुद्ध मदत करायला अपरिहार्य मर्यादा आहेत. इंग्रजी सभ्यतेत यापेक्षा साफ ‘नाही’ म्हणता येत नाही.

कारण सरळ होतं. १९४७ नंतर ब्रिटनला भारत राष्ट्रकुलात टिकवणं पोर्तुगालच्या अभिमानापेक्षा महत्त्वाचं होतं. जग बदललं होतं आणि त्या बदलात गोवा हा तहातला मेलेला शब्द झाला होता. १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव मांडला. बाजूने ७, विरोधात ४: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वासालो इ सिल्वा शरण आले. त्यांनी मरण्याऐवजी माणसं वाचवली आणि त्याबद्दल लिस्बनने त्यांना बडतर्फ केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात परिस्थितीशी जुळवून घेणारा एकमेव पोर्तुगीज तोच.

ठरावाला मत देणाऱ्या ब्रिटन-अमेरिकेने पोर्तुगालसाठी एक नाव हलवली नाही. मत दिलं, भाषण केलं, झालं. जानेवारीत सालाझार यांनी राष्ट्रीय सभेसाठी भाषण लिहिलं, पण त्यांचा आवाज असा बसला की ते दुसऱ्याला वाचावं लागलं. त्यात ब्रिटनबद्दल कडवटपणा भरलेला होता. दया येते, पण पटत नाही. त्यांचा विश्वासघात झाला नव्हता. १७९९ पासून, १८९० पासून, १९४३ च्या मार्चपासून दोस्त त्यांना सांगतच होता की मी किती देणार आणि किती नाही.

मात्र एक गोष्ट त्यांना बरोबर कळली. अझोर्सच्या लाजेश तळाचा अमेरिकेशी करार १९६२ च्या अखेरीस संपत होता. सालाझार यांनी नवा करार केलाच नाही आणि अमेरिकेला तिथून हाकललंही नाही. तसंच लटकत ठेवलं. अंगोलावरून पोर्तुगालला टोचणारं केनेडी सरकार हळूहळू मवाळ झालं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेची मालवाहू विमानं याच लाजेशवरून गेली. युरोपातल्या इतर दोस्तांनी दारं लावून घेतली होती. तहाच्या शब्दांना किंमत उरत नाही तेव्हा जागेला उरते, हे धाकट्या भागीदाराचं शहाणपण. गोवा वाचवायला ते कामाला आलं नाही, कारण गोवा कुणालाच तळ म्हणून हवा नव्हता. आम्ही सुदैवी.

बाकी पोर्तुगालने जुळवून घेतलं ते दोस्त बदलून नाही, स्वतः बदलून. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही गेली आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. तेरा वर्षं धरून बसलेली गाठ एका दुपारी सुटली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला. आणि इंग्लंडशी असलेली मैत्री? तिची ६५० वर्षं २०२३ च्या जूनमध्ये लंडनला थाटात साजरी झाली. जी मागणी एकदा नाकारली गेली ती लिस्बनने पुन्हा केली नाही, म्हणून ती अजून जिवंत आहे.

आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीच्या सासरी पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, वजें म्हणजे भेटीचं सामान जातं. नेवऱ्या, लाडू, फळांच्या पाट्या, माटोळीचं सामान, कपडे. पहिल्या वर्षी टेम्पो भरून. चार-पाच वर्षांनी एक पिशवी. कुणी रागावत नाही, कारण दोन्ही घरांना ठाऊक असतं की पिशवी हीच आता खूण आहे. भांडण होतं ते दहाव्या वर्षी एखादा व्याही पहिल्या वर्षाच्या टेम्पोची आठवण काढतो तेव्हा.

आता आपलं आणि रशियाचं वजें मोजू.

१९६१ चा नकाराधिकार गोमंतकीयांनी विसरू नये, मीही विसरत नाही. ९ ऑगस्ट १९७१ चा तह त्याहून मोठा. त्याच्या ९ व्या कलमात, कुणी हल्ला केला किंवा धाक घातला तर दोघांनी तातडीने सल्लामसलत करून योग्य ती पावलं उचलायची असं होतं. डिसेंबरच्या युद्धात त्याचा उपयोग झाला. पण सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीला आले, नवा मैत्री करार झाला, आणि त्यातून ते कलम गळालं. त्याच वर्षी रशियाने अमेरिकेच्या दबावाखाली अतिथंड इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान देण्याचं वचन मागे घेतलं. तयार इंजिनं तेवढी दिली. इस्रोने पुढे वीस वर्षं खपून स्वतःचं इंजिन बनवलं आणि ५ जानेवारी २०१४ ला ते जीएसएलव्हीवर यशस्वी झालं. मैत्रीचं वजें टेम्पोतून पिशवीवर आलं ते त्या वर्षी, मॉस्कोने सांगून, मोदी-पुतिन यांच्या कितीतरी आधी.

२०१६ च्या ऑक्टोबरात ब्रिक्सची परिषद बाणावलीला भरली. चिखलीहून तासाभराची वाट. त्या दोन दिवसांत आम्हाला मडगावला जायची सोय नव्हती. तिथे पंतप्रधानांनी पुतिन यांच्यासमोर रशियन म्हण ऐकवली, की दोन नव्या मित्रांपेक्षा एक जुना बरा. एस-४०० क्षेपणास्त्र प्रणालीचा आंतरसरकारी करारही तिथेच झाला. चांगलं झालं. पण उरीचा हल्ला होऊन महिनाही उलटला नव्हता आणि रशियन सैन्याचा पाकिस्तानी सैन्याबरोबरचा पहिला संयुक्त सराव आठवडाभरापूर्वीच संपला होता. परिषदेच्या गोवा जाहीरनाम्यात लष्कर-ए-तैयबा आणि जैशची नावं आली नाहीत. जुना मित्र बाणावलीच्या वाळूत उभा होता आणि त्याच्या शेजारी चीन.

माझं म्हणणं इथे थेट मांडतो. रशियाकडून तेल घ्यावं, सुटे भाग घ्यावेत, सुरक्षा समितीत जमेल तितका आधार घ्यावा. चीनशी वाद पेटला तर रशिया आपल्या बाजूला उभा राहील ही अपेक्षा मात्र पुसून टाकावी. युक्रेन युद्धानंतर मॉस्को बीजिंगवर इतकं विसंबलं आहे की त्याला ते परवडणारच नाही. हे मेलेलं कलम आहे. आपण ते कधीतरी मागू, आणि मर्यादा अपरिहार्य आहेत असं उत्तर येईल, फक्त रशियनमध्ये.

सरकारांना हे कळतं, याचा पुरावा आकड्यांत आहे. सिप्री या संस्थेच्या नोंदींनुसार भारताच्या शस्त्र आयातीतला रशियाचा वाटा २०१०–१४ मध्ये ७२ टक्के होता, २०१५–१९ मध्ये ५५, आणि २०२०–२४ मध्ये ३६. उलट तेलाचं पाहा: युद्धाआधी रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, नंतर तो सुमारे एक तृतीयांशावर गेला. शस्त्रांचा दोस्त कमी झाला, तेलाचा दोस्त वाढला. नातं तुटलं नाही, त्यातला माल बदलला.

गोवा शिपयार्डमध्ये हे हातानं चाचपता येतं. वास्कोचा हा कारखाना पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये सुरू केलेला. २३ जुलै २०२४ ला तिथे त्रिपूट नावाची लढाऊ नौका पाण्यात उतरली. आराखडा रशियन. अशा नौकांची गॅस टर्बाइनं युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या झोर्या-माशप्रोएक्ट कारखान्याची. त्या शहरावर रशियाचेच बॉम्ब पडत होते. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांची यंत्रं वास्कोच्या वेल्डरांनी एका सांगाड्यात बसवली. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा तिथे पाइपफिटर आहे. त्याला मी विचारलं, कसं काय जमतं? तो म्हणाला, ‘काका, बोल्ट कुणाचा ते विचारत नाही आम्ही, माप बसतं का बघतो.’

आक्षेप येईल, की हे सगळं कृतघ्नपणाचं तत्त्वज्ञान आहे. ज्याने १९६१ ला हात वर केला त्याला आज मापात मोजायचं? मोजायचं, कारण त्यानेही तेव्हा मोजूनच हात वर केला होता. क्रुश्चेव्ह यांना आशिया-आफ्रिकेतली नवी स्वतंत्र राष्ट्रं आपल्याकडे हवी होती आणि गोवा ही त्यांना फुकटात मिळालेली संधी होती. म्हणून आपली कृतज्ञता खोटी ठरत नाही. कृतज्ञता गोवेकरांनी मनात ठेवावी, सभेत बोलावी, मोरजीच्या शॅकवाल्याने रशियन अक्षरांतल्या मेनूकार्डात ठेवावी. संरक्षण मंत्रालयाने ठेवू नये.

उलट टोकाचा आक्षेप जास्त फसवा आहे. कुणाशीच बांधून घ्यायचं नाही, सगळ्यांशी गोड राहायचं, यालाच आजकाल स्वायत्तता म्हणतात. मलाही तो शब्द आवडतो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर २५ आणि रशियन तेलापायी आणखी २५ टक्के शुल्क लादलं तेव्हा सगळ्यांशी गोड असलेल्या आपल्यासाठी कुणी बोट उचललं? ज्याला आपण काही देणं लागत नाही तोही आपल्याला काही देणं लागत नाही. सालाझार यांच्याकडे अझोर्स होतं. आपल्याकडे काय आहे ते शांतपणे मोजावं: बाजारपेठ, हिंदी महासागरातली जागा, औषधं. त्यातलं काय कुणाला किती द्यायचं, याचा भाव आधी ठरवावा लागतो. घर पेटल्यावर भाव होत नाही.

युरोपची आज तीच धांदल चालू आहे. अमेरिकेने ग्रीनलँड मागितलं ते डेन्मार्ककडे, नाटोच्या आणखी एका संस्थापक सदस्याकडे, जिथे १९५१ च्या करारानुसार अमेरिकेचा तळ आधीच आहे. २०२५ च्या जूनमध्ये हेगला नाटो देशांनी २०३५ पर्यंत संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के खर्च करण्याचं कबूल केलं. थोरल्या भागीदाराने कलमाचा अर्थ स्वतःकडे ठेवला की धाकट्यांना खिसा उघडावा लागतो. युरोपीय परिषदेच्या अध्यक्षपदी आज अंतोनियो कोश्ता आहेत, मूळ मडगावच्या घराण्यातले. त्यांना हा इतिहास शिकवायला नको, त्यांच्या घरात तो जेवणाच्या टेबलावर असणार.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पोर्तुगालमध्ये वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. जुना दोस्त येणार नाही, हे लोकांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून १९६१ चा धक्का तेरा वर्षं पुरला. आपल्याकडे सेन्सॉर नाही, पण सभांमधली भाषा तीच आहे: जुना मित्र, सच्चा मित्र, माझा जिगरी मित्र अमुक. खोलीत बसून अधिकारी बोल्टांचं माप घेतात आणि मैदानात नेते टेम्पोभर वजें दाखवतात. उद्या खरंच नकार आला तर लोक मित्रावर नाही, आधी सरकारवर चिडतील आणि चिडलेलं सरकार वेडंवाकडं काही करील. विरोधी पक्षही याच भाषेत बोलतात, कोण जास्त जुन्या मित्राचा हे ठरवत. १९९३ ला ९ वं कलम गळालं यावर संसदेत आणि वर्तमानपत्रांत घासून चर्चा व्हायला हवी होती, अजूनही व्हायला हवी.

परवा स्विंडनहून भाच्याचा फोन आला. त्याच्या आजोबांचा जन्म मुक्तीच्या आधीचा, म्हणून त्याने लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि त्या पासपोर्टवर इंग्लंडला गेला, ब्रेक्झिटच्या अगदी तोंडावर. १३८६ च्या तहात दोन्ही राजांच्या प्रजेला एकमेकांच्या मुलखात ये-जा करायची, राहायची मोकळीक होती, हे मी त्याला मागे एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, मामा, इथल्या कचेरीत तो तह चालत नाही, त्यांना माझे घरभाड्याचे कागद हवेत. मी काही बोलणार तेवढ्यात कौलं हादरली.

‘थांब,’ मी म्हटलं, ‘मिग जातंय.’

आवाज दूर समुद्राकडे गेल्यावर तो म्हणाला, ‘अजून मिगच?’

‘अजून.’